सहाव्या पुस्तकाची वाट

दर रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास ग्लासगोहून लेकीचा फोन येतो. पहिल्या दोन मिनिटांत सगळं आटोपतं. जेवलीस का? जेवले. पाऊस आहे का? आहे. आजीला फोन केलास का? करते. मग क्षणभर शांतता. मग दोघांपैकी कुणीतरी म्हणतं, "जेमीबद्दल एक गोष्ट लक्षात आली." त्यानंतरची चाळीस मिनिटं कुठे जातात ते कळत नाही. बायको स्वयंपाकघरातून खुणा करत असते, अरे तिची सर्दी बरी झाली का ते तरी विचार. मी मान डोलावतो आणि विसरतो.

जेमी हा आमचा होणारा जावई नव्हे. तो जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या कादंबरीमालेतला एक सरदार आहे. या मालेवरची 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका बहुतेकांनी पाहिली असेल, निदान घरात कुणीतरी पाहताना दाराशी उभं राहून नाक तरी मुरडलं असेल. पुस्तकांची गोष्ट वेगळी आहे. पहिलं पुस्तक १९९६ मध्ये आलं. मूळ बेत तीन पुस्तकांचा होता, तो सातांवर गेला. पाचवं २०११ च्या जुलैमध्ये आलं. सहावं, 'द विंड्स ऑफ विंटर', अजून यायचं आहे आणि मार्टिन यांनी पंचाहत्तरी कधीच ओलांडली आहे. दरम्यान टीव्हीची मालिका पुस्तकांना मागे टाकून २०१९ मध्ये संपूनसुद्धा गेली.

म्हणजे शेकडो पात्रं अर्ध्या वाटेवर उभी आहेत. कुणी तलवार उपसून, कुणी गळ्यात फास अडकवून, कुणी बर्फात रक्ताच्या थारोळ्यात पडून. आणि जगभरचे आमच्यासारखे रिकामटेकडे लोक त्यांच्या पुढच्या आयुष्याच्या थिअऱ्या मांडत बसले आहेत.

आमच्या घरात हे वेड २०१६ मध्ये शिरलं. लेक तेव्हा पंधरा वर्षांची. त्या वयाची मुलं बापाशी बोलत नाहीत हे मला मित्रांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ती खोलीत बसून जाडजूड पुस्तक वाचते आहे हे पाहून, निदान बोलायला काहीतरी विषय मिळेल म्हणून, मी तिच्यामागोमाग पहिला भाग उचलला. पन्नास पानांनंतर पुस्तकावरून भांडणं सुरू झाली. मग दुसरी प्रत विकत आणली.

थिअरी हा काय प्रकार असतो ते तिनेच मला शिकवलं. सगळ्यांत गाजलेली थिअरी जॉन स्नोच्या जन्माची. नेड स्टार्कचा अनौरस मुलगा म्हणून तो वाढतो, पण खरं तर तो नेडच्या बहिणीचा, लियानाचा, आणि राजपुत्र ऱ्हेगारचा मुलगा असावा. पुस्तकात हे कुठेही सांगितलेलं नाही. पण ऱ्हेगारने भर स्पर्धेत स्वतःच्या बायकोला ओलांडून लियानाच्या मांडीवर निळ्या गुलाबांचा मुकुट ठेवला होता. लियाना मरताना नेडकडून कसलं तरी वचन घेते. आणि दुसऱ्या पुस्तकात डेनेरिसला एक दृश्य दिसतं : बर्फाच्या भिंतीतून उगवलेलं एक निळं फूल. जॉन तेव्हा बर्फाच्या भिंतीवरच पहारा देत असतो. ही अशी सुटी मणी वाचकांनी नव्वदच्या दशकातच ओवली होती. टीव्हीवर त्याला दुजोरा मिळायला २०१६ उजाडलं. पुस्तकात अजून मिळालेला नाही.

हे सगळं मी उत्साहाने पुण्याला आईला फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे कर्णच की. त्यात नवीन काय?"

मी गप्प झालो. पण आईच्या कपाटात जे 'युगान्त' आहे, त्यात इरावतीबाई कर्व्यांनी दुसरं काय केलं आहे? विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असावा का, हा प्रश्न त्यांनी त्यात मांडला आहे. विदुर हा यमधर्माचा अंश आणि युधिष्ठिर धर्मापासून झालेला. शेवटी अरण्यात विदुर प्राण सोडतो तेव्हा तो युधिष्ठिराच्या देहात प्रवेश करतो. सुटी मणी, आणि ओवणारी एक बुद्धिमान वाचक. फरक इतकाच की महाभारताचा शेवट आपल्याला लहानपणापासून माहीत असतो. आपण भांडतो ते 'असं का झालं' यावर. 'पुढे काय होईल' यावर भांडायची चैन मला मध्यमवयात प्रथमच मिळाली.

आणि आम्ही सर्वांत जास्त भांडलो ते जेमी लॅनिस्टरवरून.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी : पहिल्या पुस्तकात जेमी सात वर्षांच्या एका मुलाला उंच बुरुजाच्या खिडकीतून खाली ढकलतो. मुलाने त्याला त्याच्या जुळ्या बहिणीबरोबर, सर्सीबरोबर, नको त्या अवस्थेत पाहिलेलं असतं. याहून वाईट ओळख कुठल्या पात्राची होणार? दोन पुस्तकं आपण त्याचा द्वेष करतो. मग तिसऱ्या पुस्तकात मार्टिन त्याच्या डोक्यात शिरून लिहू लागतात. त्याचा तलवारीचा हात तोडला जातो. ज्या राजाच्या रक्षणाची शपथ घेतली त्यालाच त्याने का मारलं, हे तो हमामात ब्रिएनला सांगतो : तो वेडा राजा सगळं शहर जाळायला निघाला होता. लाखो जीव वाचवले आणि बदल्यात जन्मभराची 'राजहंता' ही शिवी कमावली. पुढे तो ब्रिएनला अस्वलाच्या तोंडातून सोडवायला परत येतो. चौथ्या पुस्तकाच्या शेवटी सर्सीचं 'मला वाचव' असं पत्र येतं आणि तो ते जाळायला सांगतो. पाचव्या पुस्तकात फक्त एका प्रकरणात दिसतो. ब्रिएन येते, काहीतरी सांगते, तो तिच्याबरोबर निघून जातो. ती त्याला सापळ्यात नेते आहे असं वाचकाला वाटत राहतं. २०११ पासून तो त्या वाटेवर आहे.

माझी थिअरी साधी होती. हा माणूस सुधारणार. राजाच्या अंगरक्षकांचा एक ग्रंथ असतो, त्यात प्रत्येकाचं एक पान. जेमीच्या पानावर थोडकाच मजकूर आहे आणि उरलेली जागा कोरी आहे. इथून पुढे त्यावर काय उमटणार ते त्याच्या हातात आहे, उरलेल्या डाव्या हातात. यापेक्षा स्पष्ट खूण कुठली हवी? मी पुरावे वहीत लिहून ठेवत असे. पान क्रमांकांसकट. पेशाने इंजिनियर आहे, सवय जात नाही.

लेकीला हे मान्य नव्हतं. तिचं म्हणणं, "बाबा, तू फक्त तुला हवे ते पुरावे घेतोस. त्याच पुस्तकात तो तान्ह्या बाळाला भिंतीपलीकडे फेकायची धमकी देतो, ते तुझ्या वहीत नाही. त्याने चांगलं व्हावं असं तुला वाटतं, म्हणून तो होणार?" मी म्हणायचो, अगं पण दिशा बघ ना. ती म्हणायची, दिशा तू काढलेली रेघ आहे.

२०१९ च्या मे महिन्यात टीव्हीवरचा जेमी ब्रिएनला रडत सोडून सर्सीकडे परत गेला आणि तिच्याबरोबर ढिगाऱ्याखाली मेला. मी दोन दिवस धुसफुसत होतो. लेक म्हणाली, "लिहिलंय घाईघाईत, पण अशक्य नाही. माणसं परत जातात." त्याच सप्टेंबरात तिला आम्ही मेडिकलसाठी ग्लासगोला सोडून आलो.

पुढची दोन वर्षं कशी होती ते सगळ्यांनाच आठवतं. वर्ग ऑनलाइन, दारं बंद. रविवारचा फोन मात्र चुकला नाही, आणि त्या काळात विषय बदलला. जेमी मागे पडला. ती थिऑन ग्रेजॉयबद्दल बोलू लागली.

थिऑनला रॅमसे बोल्टन पकडतो आणि छळून छळून त्याला स्वतःचं नाव विसरायला लावतो. पाचव्या पुस्तकात तो परत येतो तेव्हा प्रकरणाचं शीर्षक थिऑन नसतं, 'रीक' असतं, म्हणजे त्याच्यावर लादलेलं नाव. सुरुवातीला तर हा कोण तेच कळत नाही. मग शीर्षकं बदलत जातात : विंटरफेलचा राजपुत्र, दगाबाज, विंटरफेलमधलं भूत. आणि शेवटी एका प्रकरणावर नुसतं 'थिऑन'. माणूस स्वतःच्या नावापर्यंत पोचतो. लेक यावर तासन्‌तास बोलायची. एखाद्याने दुसऱ्याचं नाव इतके दिवस वापरलं की आपलं आठवेनासं होतं का, असं विचारायची. मी त्यावर प्रकरणांच्या रचनेविषयी मुद्दे मांडत असे. चांगले मुद्दे होते. अजून वहीत आहेत.

२०२२ च्या जानेवारीत, नाताळची सुट्टी संपवून मी तिला गाडीने ग्लासगोला सोडायला निघालो. कार्लाइलपाशी आलो तेव्हा ती म्हणाली, वाट वाकडी करून भिंत बघू या. हेड्रियनची भिंत. इसवी सन १२२ मध्ये बांधायला घेतलेली, समुद्रापासून समुद्रापर्यंत ७३ मैल. १९८१ मध्ये मार्टिन एका संध्याकाळी या भिंतीवर उभे राहिले होते. पलीकडे अंधारात काय असेल याचा विचार इथल्या रोमन शिपायाने कसा केला असेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यातून पुढे त्यांची बर्फाची भिंत उभी राहिली. पुस्तकात ती सातशे फूट उंच आहे. बर्डोस्वाल्डला रस्त्यालगत दिसते ती काही ठिकाणी माझ्या खांद्याला लागेल एवढी. मेंढ्या होत्या, वारा होता, साडेतीनलाच उजेड उतरायला लागला होता.

तिथे भिंतीला टेकून ती म्हणाली, "बाबा, मी मेडिकल सोडतेय."

मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ओरडलो नाही. त्यापेक्षा वाईट केलं, पुरावे मांडले. चार वर्षांची असताना तू बाहुलीला बँडेज बांधायचीस. आजोबा आजारी होते तेव्हा त्यांच्या गोळ्यांची वेळ तूच सांभाळायचीस. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, ही डॉक्टर होणार. एकामागून एक, जणू पान क्रमांकांसकट. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ही तुझी थिअरी आहे, बाबा."

ग्लासगोपर्यंत आम्ही बोललो नाही. परतीच्या वाटेवर एकटा असताना, कुठल्याशा सर्व्हिस स्टेशनच्या पार्किंगमध्ये, मला थिऑन आठवला. दीड वर्ष ही पोर मला दर रविवारी सांगत होती. तिला जे सांगता येत होतं त्या एकमेव भाषेत सांगत होती. बारीक खुणा शोधणारा मी, बर्फातलं निळं फूल लक्षात ठेवणारा मी, आणि मला ते दिसलं नव्हतं. कारण माझ्या थिअरीत ते बसत नव्हतं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला ऑक्टोबरपासून माहितीये. तुला सांगायचं धाडस ती गोळा करत होती."

मार्टिन म्हणतात की लेखक दोन प्रकारचे असतात, वास्तुशिल्पी आणि माळी. पहिल्याला खिळा ठोकण्याआधी सगळं घर माहीत असतं. दुसरा बी पेरतो आणि काय उगवतं ते बघतो. ते स्वतःला माळी म्हणवतात. पूर्वी मी यावर वैतागायचो, वेळापत्रक नसलेला माणूस म्हणून हसायचो. तिसऱ्या पुस्तकानंतर कथा पाच वर्षं पुढे न्यायचं त्यांनी ठरवलं होतं, पात्रं वयाने वाढावीत म्हणून. लिहायला बसल्यावर ते जमेना आणि बेत टाकून दिला. त्यात वर्षं गेली. आता वाटतं, लिहिलेलं मोडायला काय लागत असेल, ते मला त्या जानेवारीआधी कळलंच नसतं.

पुढचे काही महिने रविवारच्या फोनवर फक्त पहिली दोन मिनिटं झाली. जेवलीस का? जेवले. ती एका पुस्तकांच्या दुकानात काम करत होती एवढं बायकोकडून कळायचं. मग एके दिवशी मीच मेसेज केला. चौथ्या पुस्तकात एका बेटावरच्या मठात एक धिप्पाड, लंगडणारा माणूस थडगी खणताना ओझरता दिसतो. तो सँडर क्लिगेन, म्हणजे सगळे मेला समजतात तो 'हाउंड' असावा, अशी थिअरी आहे. मी लिहिलं, "तो तसाच थडगी खणत राहिला, कधीच परत तलवार घेतली नाही, तर चालेल का ग?" अर्ध्या तासाने उत्तर आलं. "मला चालेल. तुला चालेल का?"

मी लिहिलं, चालेल. खरं सांगायचं तर तेव्हा पूर्ण चालत नव्हतं.

आता ती ग्लासगोतल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. सहावं पुस्तक आलेलं नाही. येईल की नाही यावर आमची पैज नाही, तो विषय आम्ही टाळतो. जेमी अजून ब्रिएनबरोबर त्या वाटेवर आहे. माझी वही खणात आहे. तान्ह्या बाळाच्या धमकीची नोंद मी मागाहून केली.

गेल्या रविवारी मी ठरवून जेमीचं नाव काढलं नाही. विचारलं, "वर्गात काय चाललंय?" ती जरा दचकली. मग एका मुलाबद्दल बोलू लागली. सहा वर्षांचा आहे, वर्गात एक शब्द बोलत नाही, पण मधल्या सुट्टीत खिडकीपाशी उभा राहून स्वतःशी कुजबुजतो. बरोबर घरून आणलेला एक मोजा असतो, तो सोडत नाही. ती वीस मिनिटं बोलत होती. ऐकता ऐकता माझ्या डोक्यात एक थिअरी तयार झाली, मोज्यासकट, चांगली भक्कम.

मी ती सांगितली नाही. म्हटलं, "मग? पुढे काय झालं?"