एक्केचाळीस दिवस पाणीच पाणी

मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे सहा भावंडं एका खोलीत झोपली की काय होतं? उशीवरून भांडण, पंख्यावरून भांडण, अन् मध्यरात्री कुणाचा तरी पाय कुणाच्या तरी पोटावर! आता समजा, ती खोली दिवसरात्र हलते आहे आणि दार उघडलं की समोर नुसता समुद्र.

आपल्या नौदलातल्या सहाजणी अशा घरात राहिल्या. वर्तिका जोशी त्यांच्या कप्तान. बाकीच्या प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डपाटी, एस. विजया देवी आणि पायल गुप्ता. त्यांची शिडाची बोट 'तारिणी' गोव्यात बांधलेली. लांबी 56 फूट, म्हणजे साधारण दीड एसटी, बरं का! 10 सप्टेंबर 2017 रोजी गोव्याहून निघून, पृथ्वीला फेरी मारून, 21 मे 2018 रोजी त्या परत गोव्यात आल्या. वाटेत चार-पाच बंदरं लागली. पण न्यूझीलंडमधलं लिटलटन सोडलं 12 डिसेंबरला आणि फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅनले आलं ते थेट 22 जानेवारीला. मध्ये 41 दिवस पॅसिफिक महासागर.

तुम्ही विचाराल, रात्री नांगर टाकून सगळ्यांनी झोपायचं की! पण तिथे समुद्र काही किलोमीटर खोल. नांगर पोचणार कुठे? म्हणून बोट रात्रीही चालतच राहते आणि कुणाला तरी जागावंच लागतं. पाळ्या लावायच्या. तुमची पाळी आली की उबदार पांघरूण सोडायचं, जाडजूड कपडे चढवायचे आणि थंडगार वाऱ्यात सुकाणू धरायचं. बाहेर पाऊल टाकण्याआधी कमरेचा पट्टा दोरीने बोटीला अडकवायचा. कंटाळा आला म्हणून एकदाही चुकवायचं नाही हं! शिडाच्या बोटीला सायकलसारखा ब्रेक नसतो. माणूस पडला तर बोट वळवून आणेपर्यंत लाटांमध्ये त्याचं डोकंही दिसेनासं होतं. आणि 'तारिणी'ला तर 7 मीटरपर्यंतच्या, म्हणजे दुमजली घराएवढ्या लाटा भेटल्या. वारा ताशी 110 किलोमीटरच्या वर!

स्वयंपाकाची तऱ्हा न्यारीच. अशा बोटींवर शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली असते. बोट कलते, शेगडी मात्र सरळ राहते. नाहीतर डाळ तुमच्या मांडीवर!

एक गंमत सांगू? पूर्वेकडे जाताना या समुद्रात आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडावी लागते, तेव्हा एकच तारीख दोनदा येते. परीक्षेच्या आदल्या दिवशी अशी सोय असती तर!

पण आजारी पडलं, शीड फाटलं, तर हाका कुणाला मारायच्या? याच महासागरात 'पॉइंट निमो' नावाची जागा आहे. तिथून सगळ्यांत जवळची जमीन 2,600 किलोमीटरहून लांब. अंतराळस्थानक डोक्यावरून जातं ते साधारण 400 किलोमीटर उंचीवरून, म्हणजे अंतराळवीरच जवळचे शेजारी! 2025 मध्ये नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. याच 'तारिणी'तून तिथून गेल्या. दोघीच. म्हणजे एक झोपली की दुसरी एकटी.

सहाजणींनी 19 जानेवारी 2018 रोजी दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न ओलांडलं आणि तीन दिवसांनी बंदर गाठलं. इतके दिवस समुद्रावर राहून जमिनीवर उतरलं ना, की भलतंच होतं. पाय स्थिर असतात आणि जमीनच डुलायला लागते!