दुसरे नाव

कोलशेतला आमच्या घराच्या आसपास पूर्वी रासायनिक कारखाने होते. आता तेथे उंच मनोरे उभे आहेत, आणि संध्याकाळी त्यांच्या पायथ्याशी बाकांवर बसणाऱ्या ज्येष्ठांमध्ये एक मौखिक वाङ्मय नांदते. त्याचा विषय एकच, व्हिसा. 'बाळंतपणाला चालले असे म्हणायचे नाही, भेटायला चालले म्हणायचे.' 'विचारतील तेवढेच बोलायचे.' 'निळी साडी नेसून जा, आमच्या हिला लाभली होती.' लोकसाहित्याच्या अभ्यासकाला हेवा वाटावा इतके पाठभेद तेथे सापडतात. दहा वर्षांचा व्हिसा मिळाला म्हणजे दहा वर्षे राहता येते, असे ठामपणे सांगणारे एक आजोबा आहेत. वस्तुतः व्हिसा हा केवळ दारापर्यंत जाण्याचा परवाना. आत किती दिवस राहायचे हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि पर्यटकाला साधारणतः सहा महिने मिळतात. पण आजोबांचा पाठ अधिक लोकप्रिय आहे.

धाकटी बहीण अमेरिकेत असते. तिला दुसरे मूल होणार होते, म्हणून गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी आईचा अर्ज भरायला बसलो. आई समोर शेंगा सोलत होती. मी प्रश्न वाचायचा, मराठीत सांगायचा, तिचे उत्तर इंग्रजीत उतरवायचे, असा क्रम. जन्मतारखेपाशीच पहिला अडथळा आला. तिच्या कागदोपत्री 1 जून आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी गावातल्या निम्म्या मुलांना वाटली होती, तीच ही तारीख. "मी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची," आई म्हणाली. अर्जात नागपंचमीला जागा नव्हती.

पुढे सुरक्षेचे प्रश्न आले. आपण हेरगिरी करण्याच्या उद्देशाने येत आहात काय? आपण कधी वंशसंहारात भाग घेतला आहे काय? मी ते शक्य तितक्या गंभीरपणे भाषांतरित केले. "झुरळं मारली ती धरायची का रे?" तिने विचारले. मी 'नाही'वर खूण केली.

खरा प्रश्न ह्या सर्वांच्या आधी येऊन गेला होता आणि मी तो न विचारताच 'नाही' म्हणून ओलांडला होता. आपण कधी दुसरे नाव वापरले आहे काय? लग्नापूर्वीचे, धार्मिक, व्यावसायिक वा टोपणनाव? शेवटी सगळे तपासताना तो पुन्हा समोर आला. माहेरचे आडनाव मला ठाऊक होते, ते लिहू लागलो तेव्हा आई म्हणाली, "नावही वेगळं होतं." मी थांबलो. लग्नात तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिण्याची चाल आमच्याकडे होती, हे मला माहीत होते. पण आईचेही असे एक आधीचे नाव असणार, हे माझ्या कधी मनातच आले नव्हते. मामा तिला अक्का म्हणतात. आजोळची जी माणसे त्या नावाने हाक मारीत ती माझ्या लहानपणीच गेली. शेंगांची टरफले परातीत सारून ती आत गेली आणि ट्रंकेतून शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आली. त्यावर ते नाव होते.

मी मराठीचा अध्यापक. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' ही 1968 सालची कादंबरी अनेकदा वर्गात घेतली आहे. 'आनंदीबाईंचे माहेरचे नाव काय?' हा एका गुणाचा प्रश्न मीच किती वेळा काढला असेल. यमुना हे उत्तर मागच्या बाकावरच्या मुलालाही येते. कल्याणात वाढलेल्या यमुनेची नवव्या वर्षी आनंदी कशी झाली, ह्यावर मी तासभर बोलू शकतो. कल्याण येथून हाकेच्या अंतरावर. त्याहून जवळचे नाव मात्र मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, एका परक्या सरकारने विचारले म्हणून ऐकले.

त्या रात्री आनंदीबाईंचा प्रवास पुन्हा डोळ्यांपुढे आला, पण निराळ्या बाजूने. 1883 च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यू यॉर्कला उतरल्या. ना पासपोर्टचा आजच्यासारखा जाच, ना व्हिसाची मुलाखत. भारतात पासपोर्टचा कायदा आला तो पहिल्या महायुद्धानंतर, 1920 साली. ते दार सर्वांसाठी उघडे होते असे मात्र नव्हे. आदल्याच वर्षी, 1882 मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी केली होती; आणि 1917 च्या कायद्याने हिंदुस्थानातून स्थायिक व्हायला जाणाऱ्यांनाही ती लागू झाली. आनंदीबाई त्या मधल्या फटीतून गेल्या.

मात्र मुलाखत त्यांनाही चुकली नाही. निघण्यापूर्वी, फेब्रुवारीत, श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भाषण केले, ते प्रश्नोत्तरांच्याच रूपात आहे. अमेरिकेलाच का? येथे शिकण्याची सोय नाही काय? एकटी का? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही काय? संकट आले तर काय करशील? कोणा बाईने न केलेले तूच का करतेस? हे विचारणारे परके नव्हते, स्वकीयच होते. आजचा अधिकारी काचेपलीकडून जे विचारतो तेच, फक्त रोख उलटा. त्यांना हवे होते तिने जाऊच नये. ह्याला हवे असते जाणाऱ्याने परत यावे. अमेरिकेच्या 1952 च्या कायद्यातील कलम 214(बी) सांगते की पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक जण तेथेच राहायला येत आहे असे गृहीत धरावे. तसे नाही हे पटवण्याचे ओझे मागणाऱ्यावर. बाकांवरचे सगळे वाङ्मय ह्या एका कलमाची टीका आहे म्हणा ना!

म्हणून मीही आईला पढवले. 'भारतात कोण आहे?' असे विचारले तर 'मुलगा, सून, नातू' म्हण. मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलात होती. बाहेर आली तेव्हा काय विचारले म्हणून मी विचारले.

"परत का येणार म्हणाला."

"मग?"

"म्हटलं, माझं घर आहे."

"आणि आम्ही?"

"ते त्याने विचारलं नाही. विचारतील तेवढंच बोल म्हणाला होतास ना."

पासपोर्ट काही दिवसांनी आला. चष्मा लावून तिने व्हिसाचे पान बराच वेळ पाहिले. "ते दुसरं नाव कुठे आहे ह्यात?" मी सांगितले, ते येथे छापत नाहीत; त्यांच्या दफ्तरी राहते.

"म्हणजे त्यांना ठाऊक आहे."

"हो."

ते नाव मी येथे लिहीत नाही. त्या रविवारनंतर एकदा, ती देवघरात पाठमोरी असताना, मी ते हळूच उच्चारून पाहिले. तिने वळून पाहिले नाही, पण हातातली वात करायची थांबली. "काय रे?" म्हणाली. मला पुढे काही सुचले नाही. चहा टाकू का, असे विचारले.