वाजवून घेताना

आठवडी बाजारात आजी मडकं घ्यायची ते कानांनी. कुंभाराच्या पालापुढे उकिडवी बसून एकेक मडकं डाव्या हातावर तोलायची, उजव्या हाताचं बोट दुमडून त्यावर टिचकी मारायची आणि मान किंचित कलती करून ऐकायची. आवाज बद्द आला की मडकं खाली. खणखणीत आला तरच हात कमरेच्या पिशवीकडे जायचा. उत्तर स्वीडनच्या रानात अशनी शोधत फिरण्यासाठी कुठला मेटल डिटेक्टर घ्यावा, या प्रश्नाशी मी लुलेओतला एक अख्खा हिवाळा काढला. बाहेर दुपारीच अंधार पडायचा आणि मला आजीची ती कललेली मान दिसायची.

आकाशात जळत जाते ती उल्का. जमिनीपर्यंत पोचतो तो अशनी. आमच्या उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे, मुओनिओनालुस्ता नावाच्या लोखंडी अशनीचे तुकडे विखुरलेले आहेत. १९०६ साली किट्किओयार्वी गावाजवळ गुरं राखणारी पोरं दगडांना लाथा मारत चालली होती, तेव्हा त्यांतला पहिला तुकडा मिळाला. पृथ्वी घडत होती त्या काळातला, सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वीचा हा धातू. इथे येऊन पडल्यालाही त्याला दहा लाख वर्षं होत आली असावीत. तेवढ्या काळात हिमयुगं आली नि गेली. बर्फाने ते तुकडे उचलले, फरपटत नेले आणि दगडगोट्यांच्या हिमोढात कुठेकुठे पुरून टाकले. पडले तिथे ते राहिलेच नाहीत. अंटार्क्टिकाच्या बर्फावर काळा दगड लांबून नजरेत भरतो, वाळवंटातही दिसतो. इथे पाइनच्या सुयांचा थर, त्याखाली घोटाभर शेवाळ, ब्लूबेरीची झुडपं आणि खाली कधी मीटरभर, कधी त्याहून खोल हिमोढ. या रानात डोळ्यांचं काही चालत नाही. उरतो तो कान.

आणि बाजारातली बहुतेक यंत्रं मुळात लोखंड ऐकू येऊ नये अशाच बेताने केलेली असतात. नाणी आणि अंगठ्या शोधणाऱ्यांना खिळे, नाल, तारांचे तुकडे नको असतात. म्हणून यंत्रात लोखंड गाळायची सोय असते. ती चालू असली की लोखंडावरून यंत्राची तबकडी गेली तरी कानात शांतता. मुओनिओनालुस्ता म्हणजे तर सुमारे ८ टक्के निकेल आणि बाकी जवळजवळ सगळं लोखंडच! ज्याला सगळे कचरा म्हणतात, तेच मला हवं होतं. तेव्हा पहिली अट ठरली: ही गाळणी पूर्ण बंद करता आली पाहिजे. मग लाकूडतोड्यांचा प्रत्येक खिळा उकरावा लागणार. लागू दे.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता, आणि त्यात मी मनापासून रमले. यंत्रांच्या दोन मोठ्या जाती. व्हीएलएफ जातीचं यंत्र सतत गुणगुणत असतं आणि गुणगुणतानाच ऐकतं. धातू आला की परतणारा सूर जरा मागेपुढे सरकतो, त्यावरून ते ओळखतं. पण हे तुकडे सापडतात त्या पायालाच्या मुलखात मॅग्नेटाइटचं खनिज आहे, कौनिसवाराला त्याची खाण आहे. हिमोढातले काळे धोंडे या यंत्राला पावलोपावली बोलायला लावतात. आपला दख्खनचा बेसॉल्टही त्याला असाच छळतो, त्यातही मॅग्नेटाइट असतंच. लोणारच्या काठावर ते यंत्र स्वस्थ बसणार नाही.

पल्स इंडक्शनची रीत वेगळी. विजेचा एक झटका द्यायचा, थांबायचं आणि मग ऐकायचं. देवळातल्या घंटेवर टोल देऊन हात मागे घ्यावा आणि उरलेला घुमारा ऐकावा, तसं. धातूत वीज क्षणभर भोवऱ्यासारखी फिरत राहते, तो भोवरा विझताना यंत्राला कळतो. मॅग्नेटाइटच्या धोंड्यात असं फिरणं जवळजवळ नसतंच. म्हणजे त्या टोलाला धोंडा बद्द लागतो आणि लोखंड घुमतं. हे वाचलं त्या रात्री मी टेबलावरच्या चहाच्या कपावर उगाच टिचकी मारली होती.

खडकाळ अशनी शोधायचे असते तर मी उलट निवड केली असती. २२ मे २०१२ ला नागपूर जिल्ह्यात काटोलला पडले ते तसे. त्यांत धातूचे बारीक कण दगडभर विखुरलेले असतात. त्यांना फिशर गोल्ड बग २ सारखं ७१ किलोहर्ट्झवर चालणारं, जवळचं आणि बारीक ऐकणारं यंत्र बरं. मला खोलवरचं ठोस लोखंड हवं होतं, म्हणून पल्स इंडक्शन.

तबकडीचं मात्र रानानेच ठरवलं. मोठी तबकडी खोल ऐकते, पण झुडपांवर अडकून वर राहिली की तेवढी खोली हातची जाते. म्हणून दोन घेतल्या: उघड्या दलदलीकडेला मोठी, मुळांमधल्या सांदीसाठी लहान. काठीला चुंबक बांधून फिरणं मला पटत नाही. शेवाळातून तो पोचत नाही, आणि चुंबक लागला की अशनीने जपलेली प्राचीन चुंबकीय खूण पुसली जाते. इतकी वर्षं सांभाळलेली गोष्ट घाईघाईत पुसायची, याचं मला वाईट वाटतं.

इथलं रान सगळ्यांना खुलं. बेरी तोडा, हवं तिथे चाला. डिटेक्टरला मात्र प्रशासनाची परवानगी लागते. ती हातात पडेपर्यंत सप्टेंबर उजाडला, बर्च पिवळे झाले, डास सरले.

तिसऱ्या दिवशी दलदलीच्या काठावर तो आवाज आला. खिळ्याचा तुटका टोचरा नव्हे; रुंद, खालून हळूहळू चढत येणारा आणि तसाच उतरणारा. मी हेडफोन काढून पुन्हा घातले. शेवाळाची जाड घडी अखंड उचलून बाजूला ठेवली आणि गुडघ्यांवर बसून खणत गेले. वाळू, गोटे, मग पाणी. कोपरापर्यंत हात गेला, बोटांना गारठा झोंबला, पाणी उपसावं तेवढं पुन्हा भरत होतं. उजेड कमी झाला. मी गोटे परत ढकलले, शेवाळ जागच्या जागी दाबलं, बर्चच्या फांदीला लाल दोरा बांधला. निघण्याआधी मान कलती करून तबकडी एकदा वरून फिरवली. आवाज तिथेच होता.