'बेगम बर्वे' परमुलुखांत

नाट्यसंगीताची आवड असलेल्या घरांत सतीश आळेकरांच्या 'बेगम बर्वे' या नाटकाचें नांव निघालें कीं दोन तट पडतात. ही बालगंधर्वांच्या परंपरेची थट्टा आहे, असें वडीलधारी मंडळी म्हणतात. आम्हांस तें मत पटत नाहीं.

हें नाटक थिएटर अॅकॅडमीनें १९७९ सालीं पुण्यास रंगभूमीवर आणिलें. संगीत नाटकांत एके काळीं किरकोळ स्त्रीभूमिका करणारा बर्वे आतां उदबत्त्या विकतो. श्यामराव नांवाचा टांगेवाला त्यास राबवितो. जावडेकर नांवाचा कारकून कचेरींतल्या नलावडेबाईंचीं स्वप्नें पाहतो. बर्वेच त्या नलावडेबाई होतो, दोघांचा संसार मांडला जातो, आणि बाईंना दिवसहि जातात! एकाचें स्वप्न दुसऱ्याच्या स्वप्नांत शिरतें आणि हसतां हसतां आपण गप्प होतों.

असा बर्वे आम्हीं लहानपणीं पाहिला आहे. कापसाच्या पेठेमुळें खामगांवांत पैसा खेळे, म्हणून नाटकमंडळ्या आमच्या वऱ्हाडांत येत, असें आमची आजी सांगे. तसल्याच एका मंडळींत सखीचें काम केलेले एक वृद्ध गृहस्थ गणपतींत आमचे घरीं जेवावयास येत. बोलतां बोलतां त्यांचा हात खांद्यावरचा पदर सांवरावयास जाई. अंगांत मात्र सदरा! पोरें हसत. आजी हसत नसे. ती त्यांना एखादें पद म्हणावयास सांगे. सखीच्या वांट्यास पद कोठून येणार? ते नायिकेचेंच म्हणत.

असें नाटक परदेशीं जावें कसें? १९८० सालीं 'घाशीराम कोतवाल' युरोपांत गेलें, त्याचें निराळें. माणसांची ती हलती भिंत भाषेवांचूनहि डोळ्यांस कळते. बर्व्याची सारी मिळकत म्हणजे जुनीं पदें. तरीहि २००५ सालीं अमेरिकेंत जॉर्जिया विद्यापीठांत खुद्द आळेकरांनीं त्याचा इंग्रजी प्रयोग बसविला. शान्ता गोखले यांनीं नाटक इंग्रजींत आणिलेंच होतें. विद्यापीठाच्या गांवाचें नांव अथेन्स. अर्थात् तें ग्रीक नाटककारांचें अथेन्स नव्हे, त्याचें नांव घेऊन वसलेलें. स्त्रीवेषधारी पुरुष तेथें नवलाचा नाहीं. प्राचीन ग्रीकांच्या आणि शेक्सपियरच्या रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुषच करीत. डोहाळ्यांचें कौतुक सांगून कळेल. पण पद सुरू होतांच पुढची ओळ ज्याच्या ओठीं येत नाहीं, त्याच्या हातून बरेंच निसटणार, हें कबूल केलेंच पाहिजे.

एका बाबतींत मात्र तो प्रेक्षक आम्हांपेक्षां मोकळा. त्याला बालगंधर्व ठाऊक नाहींत, म्हणून थट्टेचा संशयहि नाहीं. त्याची नजर सरळ बर्व्यावर जाते. आपल्याकडे पहिला आलाप ऐकतांच अर्धें घर बालगंधर्वांच्या आठवणींत शिरतें, आणि बर्वे पुनः नायिकेच्या मागें तबक धरून उभा.