यशवंतपूरचे वेळापत्रक

पुणे-मिरजेकडून कर्नाटक संपर्क क्रांती एक्स्प्रेसने बंगळूरला येणाऱ्यांचे शेवटचे स्थानक म्हणजे यशवंतपूर. नाव ऐकताच मराठी माणसाला ते आपलेसे वाटते. इथल्या घाऊक बाजारात महाराष्ट्राचा कांदाही उतरतो. जवळच जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था आहे.

याच शहरातून रेल्वेचे वेळापत्रक हाती देऊन मुलांना इंग्रजी शिकवण्याची एक रीत जगभर पोहोचली, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

शिक्षकांना इंग्रजी अध्यापनाचे धडे देणारी प्रादेशिक इंग्रजी संस्था बंगळूरला १९६३ साली सुरू झाली. मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमधले एन. एस. प्रभू यांनी या संस्थेच्या साथीने १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या साध्यासुध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे नियम घोकून घेणे बंद. त्याऐवजी वर्गासमोर वेळापत्रक किंवा नकाशा ठेवायचा. अमुक वेळेला पोहोचायचे, तर कोणती गाडी पकडावी? शिक्षक असे एक कोडे सगळ्यांसोबत इंग्रजीत बोलत सोडवणार, मग तसेच दुसरे प्रत्येकाने एकट्याने सोडवायचे. लक्ष उत्तराकडे, भाषा जाता जाता अंगवळणी पडते.

पुढे या वर्गांची नेहमीच्या वर्गांशी तुलना झाली. व्याकरणाच्या कसोटीत नेहमीचे वर्ग सरस ठरले, तर भाषा वापरण्यात प्रयोगातली मुले. वाद आजही मिटलेला नाही. तरीही परदेशी मुलांना इंग्रजी शिकवायला निघालेले कितीतरी प्रशिक्षणार्थी शिक्षक आधी हा ‘बंगलोर प्रकल्प’ अभ्यासतात.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आले. पाठ्यपुस्तक पाठ, पण चार वाक्ये बोलायची म्हटली की मूल गप्प, ही काळजी तेव्हापासून घरोघर आहे. त्यापायी पदरमोड करून मुलांना इंग्रजी माध्यमात घालणारे पालकही कमी नाहीत. मराठी शाळेतल्या वर्गातही इंग्रजी बोलती होऊ शकते, हा बंगळूरचा दिलासा त्यांच्यासाठी मोलाचा आहे.

ही संस्था पाहायची असल्यास यशवंतपूरहून मेट्रोच्या हिरव्या मार्गाने मॅजेस्टिकला जावे. तिथे जांभळ्या मार्गाची गाडी धरून ज्ञानभारतीला उतरावे. मुले सोबत असतील, तर कुठे उतरायचे नि गाडी कुठे बदलायची, हे फलक वाचून त्यांनाच ठरवू द्यावे. इंग्रजीतून, अर्थात!