जबलपूर : शिळा आणि श्रद्धा

जबलपूर म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि त्यांच्यामधून संथ वाहणारी नर्मदामाई उभी राहते. धुवांधारचे तुषार अंगावर घेऊन झाल्यावर आपण लगेच परतीची गाडी धरू नये. ख्रिस्ती धर्मविचाराचेही हे एक जुने ठाणे आहे. येथील लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेजात १९२३ सालापासून धर्मोपदेशक तयार होत आले आहेत. रोमन कॅथलिक पंथाचा जबलपूर धर्मप्रांत १९५४ साली स्थापन झाला.

ख्रिस्ती मनुष्य ‘माझा देवावर विश्वास आहे’ असे म्हणतो, तेव्हा त्याला काय अभिप्रेत असते? देव आहे, एवढे बुद्धीने मान्य करणे हा त्याचा अर्धाच अर्थ होय. बायबलाचा जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत आहे. त्या भाषेत श्रद्धेला ‘एमुना’ म्हणतात. स्थिरपणा आणि भरवसा हे त्या शब्दाचे मूळ अर्थ. प्रार्थनेच्या शेवटी येणारा ‘आमेन’ हा शब्दही त्याच धातूपासून निघाला आहे. ज्याच्यावर निःशंकपणे भार टाकावा, असा आधार म्हणजे देव. इ. स. ३२५ मध्ये निकिया येथील धर्मपरिषदेने श्रद्धेचे सूत्र शब्दबद्ध केले, ते या भरवशाला निश्चित रूप देण्यासाठीच.

आता मदन महालच्या टेकडीकडे वळा. गोंड राजांच्या या किल्ल्याच्या वाटेवर एक प्रचंड शिळा दुसऱ्या शिळेवर अगदी थोड्या आधाराने तोललेली दिसते. २२ मे १९९७ रोजी, पहाटेच्या अंधारात, ५.८ तीव्रतेच्या भूकंपाने जबलपूर हादरले. तरीही ही शिळा ढळली नाही. श्रद्धावंताचे मनही असेच अढळ असते, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. परंतु त्याच रात्री कोसमघाटसारख्या गावांत घरे कोसळली. भूकंपात अनेकांचे प्राण गेले. मग ज्यांची घरे पडली, त्यांची श्रद्धा काय उणी होती?

या प्रश्नाला लूकच्या शुभवर्तमानात उत्तर आहे. सिलोआम येथील बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली होती. ती इतरांहून अधिक पापी होती, ही समजूत येशूने साफ नाकारली. याचा अर्थ असा की, श्रद्धा हा संकट टाळणारा ताईत नव्हे. ज्या देवावर भार टाकायचा, तो स्वतः क्रुसावरील वेदनेत सहभागी झाला, असे ख्रिस्ती लोक मानतात. त्यांच्या भरवशाचे मूळ तेथे आहे.

यात शंकेला स्थान नाही असे मात्र समजू नका. काशीचे मराठी पंडित नीळकंठशास्त्री गोरे यांनी १८४८ साली ख्रिस्ती दीक्षा घेतली, ती दीर्घ वादविवाद करूनच. मार्कच्या शुभवर्तमानातील एक पिता तर विश्वास आणि अविश्वास या दोहोंची कबुली एकाच श्वासात देऊन मुलासाठी साहाय्य मागतो, आणि रिकाम्या हातांनी परत जात नाही. याकोबाच्या पत्रात आणखी एक कसोटी सांगितली आहे : उपाशी माणसाला केवळ शुभेच्छा देऊन निरोप देणाऱ्याची श्रद्धा निर्जीव होय.

वाचकहो, आपला धर्म कोणताही असो, ही कसोटी आपल्यालाही लागू पडते. मदन महालची शिळा अवश्य पाहा. आणि त्या रात्री शेजाऱ्याच्या ढिगाऱ्यावरील माती उपसणारे हातही आठवा. श्रद्धा तेथेच उभी असते.