नखाला लागणारं वर्ष

हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. पायाचं जेमतेम त्याच्या निम्मं. म्हणून पायाच्या अंगठ्याचं नख मुळापासून नवीन यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. हे मला त्वचेच्या डॉक्टरांकडे कळलं.

मी गेले होते केसांसाठी. खोपोलीहून निघायचं, कर्जतला गाडी बदलायची, तिथून सीएसएमटी 100 किलोमीटर. पहाटे पोटात फक्त चहा आणि फलाटावरचा वडापाव. ऑक्टोबरात कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. रील्सवर कांद्याचं तेल, रोझमेरी, सीरम. डॉक्टरांनी मात्र विचारलं, "दोन-तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?"

जुलैत टायफॉइड झाला होता.

मोठा ताप, उपासमार, झपाट्यानं उतरलेलं वजन, यांनी बरेच केस एकदम वाढायचे थांबतात आणि गळतात दोन-तीन महिन्यांनी. ही गळती बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप थांबते. तोवर आपण जे तेल लावत असतो, श्रेय त्याला मिळतं! (असे किती ब्रँड जगत असतील.) रक्तात लोहही कमी निघालं. जेवणाला लागून चहा घेतला की अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. चहा तासभर लांब ढकलला. तेवढं माझ्या हातात होतं.

काकीच्या हातात काय आहे? ती कर्जत तालुक्यात भात करते. जुलैत लावणी लागली की दिवसभर पाय चिखलात. आठवड्यात बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडून फाटते. चिखल्या. रात्री ती मेंदीचा पाला वाटून लावते, सकाळी परत शेतात. तिच्या अंगठ्याचं नख जाड, पिवळट, कडेनं भुसभुशीत झालंय. मी डॉक्टरांना मोबाइलवर फोटो दाखवला. "बुरशी असू शकते, पण बघावं लागेल. तोवर पाय कोरडे ठेवायला सांगा."

मी सांगितलं. काकी हसली. "पाय कोरडं ठेवून लावणी कशी करतात, ते पण इचार त्यांना."

गमबूट तिनं एकदा घालून पाहिले होते. चिखलात रुतले, पाय निघाला, बूट तिथंच राहिला. आता संध्याकाळी बेचक्या पुसून कोरड्या करते, सकाळी कोकमाचं तेल चोळून उतरते. डॉक्टरांकडे जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून कापणी उरकल्यावर, नोव्हेंबरात जायचं ठरलंय.

नोव्हेंबर ते जून, आठ महिने. जुलैत परत लावणी.